वाचक विचारतात: पुळण, किनारा, चौपाटी आणि बीच

मागील अंकातील कारवार आणि गोकर्णच्या प्रवासलेखात ‘बीच’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला होता. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि खुद्द कारवारहून पत्रे आली. कोणाला शब्दाचे मूळ हवे होते, कोणाला त्याची व्याख्या, तर कोणाचा आक्षेप असा होता की मराठीत इतके शब्द असताना इंग्रजीकडे हात पसरावाच कशाला. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: आमच्या शाळेतील मुले ‘बीच’ या शब्दासाठी ‘समुद्रकिनारा’ लिहितात. भूगोलाच्या पुस्तकात ‘पुळण’ असते, सुटीत गोव्याला जाऊन आलेली मुले ‘चौपाटी’ म्हणतात आणि शेजारच्या कन्नड शाळेत ‘कडलतीर’ शिकवतात. हे सर्व शब्द समानार्थी मानावेत का? (मराठी माध्यमाच्या एक शिक्षिका, खानापूर)

उत्तर: मानू नयेत, आणि तसे मानल्याने मुलांचे गुण जात नसले तरी भूगोल जातो. ‘किनारा’ हा फारसीतून आलेला शब्द आहे आणि त्याचा सगळा रोख कडेवर आहे. पाणी संपून जमीन सुरू होते ती कड म्हणजे किनारा, मग तेथे वाळू असो, खडक असो, खाजणातला चिखल असो किंवा बंदराचा धक्का असो. म्हणूनच ‘खडकाळ किनारा’ आपण सहज म्हणतो, पण ‘खडकाळ पुळण’ कानाला लगेच खटकते. पुळण ही लाटांनी आणून टाकलेल्या वाळूची असते. भूगोलात ती संचयनाने तयार होणारी भूरूपे शिकवताना येते, तर सागरी कडा आणि सागरी गुहा ही झिजेने तयार होणारी भूरूपे आहेत. किनाऱ्यावर ही दोन्ही असू शकतात, एकमेकांना लागूनही असतात, आणि गोकर्णच्या कुडले व ओम या दोन पुळणींच्या मध्ये जे उंचवटे आहेत ते किनाऱ्याचा भाग असले तरी पुळणीचा नाहीत. ‘किनारपट्टी’ हा आणखी मोठा प्रदेश झाला. त्यात गावे, शेते, माड आणि खाड्या सारे काही येते.

चौपाटीचे प्रकरण निराळे आहे. हे नाव मूळचे मुंबईच्या गिरगावातले, आणि तेथे वाळूपेक्षा माणसे महत्त्वाची. राजकीय सभा, गणेशविसर्जन, संध्याकाळचे फिरणे आणि भेळ हे सारे त्या शब्दाला चिकटलेले आहे. 1920 च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले तेही याच चौपाटीवर. पुढे शहराला लागून असलेल्या आणि लोकांच्या वावरात असलेल्या इतर पुळणींनाही ‘चौपाटी’ म्हणू लागले, आणि आता तर ज्या शहरांना समुद्राचा वारासुद्धा लागत नाही तेथे खाद्यपदार्थांच्या गाड्यांची रांगही चौपाटी म्हणून ओळखली जाते. समुद्र गेला आणि भेळ राहिली, असा हा अर्थाचा प्रवास आहे. तेव्हा निर्जन पुळणीला चौपाटी म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोगच होय.

कन्नडमधील ‘कडल’ म्हणजे समुद्र आणि ‘तीर’ म्हणजे आपल्याकडचाच संस्कृत तीर, त्यामुळे ‘कडलतीर’ हा शब्द किनाऱ्याच्या अधिक जवळचा आहे. संस्कृतात ‘वेला’ असाही शब्द आहे आणि त्याचे अर्थ पाहण्यासारखे आहेत: मर्यादा, समुद्राचा काठ, भरती आणि काळ. आपण घड्याळात पाहतो ती ‘वेळ’ याच शब्दातून आली. आणि ‘काठ’ हा शब्द तर आपल्या भागात समजावून सांगण्याची गरजच नाही. शहापूर आणि वडगावच्या विणकरांच्या घरांत साडीच्या काठाची चर्चा नदीच्या काठाच्या चर्चेपेक्षा अधिक होते; ‘किनार’ हा शब्दही तेथे तितकाच चालतो.

शिक्षिकांनी एक गोष्ट वर्गात आवर्जून दाखवावी. नेहमीच्या बोलण्यात मराठी माणसाला यांपैकी कोणताच शब्द लागत नाही. ‘आम्ही काल समुद्रावर गेलो होतो’ असे तो म्हणतो, जसे ‘ती नदीवर गेली’ किंवा ‘विहिरीवर गर्दी आहे’ असे म्हणतो. ‘वर’ या एका शब्दयोगी अव्ययात पाण्याची कड आणि तेथील वावर दोन्ही सामावतात. भाषांतर करताना इंग्रजी शब्दासाठी नाम शोधत बसण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी हा मार्ग अधिक मराठी ठरतो.

प्रश्न: इंग्रजीत हा शब्द नेमका कोठून आला? वृत्तपत्रांत तो क्रियापद म्हणून आणि युद्धाच्या बातम्यांतही दिसतो, तेथे पुळण म्हणून भागत नाही. (एक निवृत्त बँक कर्मचारी, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: भागत नाही हे खरे. सोळाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द दिसू लागला तेव्हा त्याचा अर्थ जागा असा नव्हता. लाटांनी घासून गुळगुळीत केलेले गोटे असा होता, आणि इंग्लंडच्या ससेक्स आणि केंट भागांच्या बोलींत हा अर्थ पुढेही टिकून राहिला. गोटे ज्या जागी पसरलेले असतात त्या जागेला तो लागला आणि मग वाळूच्या जागेलाही. म्हणून इंग्लंडमधील चेसिल बीच हा सुमारे 29 किलोमीटर लांबीचा गोट्यांचा बांध त्या भाषेत निःसंकोच बीच ठरतो, मात्र मराठीत आपण त्याला पुळण म्हणायला कचरू.

क्रियापद म्हणून त्याचा अर्थ होडी पाण्याबाहेर ओढून घेणे. आपल्या कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या वर काढून झावळ्यांनी शाकारतात, त्यातले पहिले काम म्हणजे हे. मात्र देवमाशाच्या बाबतीत तेच क्रियापद वापरले जाते तेव्हा भाषांतरकाराने सावध राहावे, कारण ‘किनाऱ्याला लागणे’ हा मराठीत सुखरूप पोहोचण्याचा वाक्प्रचार आहे आणि देवमासा किनाऱ्याला लागतो तेव्हा बहुधा त्याचा शेवट जवळ आलेला असतो. ‘वाळूत अडकला’ किंवा ‘किनाऱ्यावर वाहून आला’ हे बरे.

युद्धाच्या बातम्यांतील ‘बीचहेड’ म्हणजे समुद्रमार्गे उतरलेल्या सैन्याने शत्रूच्या किनाऱ्यावर मिळवलेला पहिला चिंचोळा ताबा, जेथून पुढची कुमक उतरवता येते. 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीत दोस्त सैन्याने उताह, ओमाहा, गोल्ड, जुनो आणि स्वोर्ड अशी सांकेतिक नावे दिलेल्या पाच भागांत असा ताबा मिळवला. येथे ‘किनाऱ्यावरील पायरोव’ हा पर्याय मला पसंत आहे. नौदलाच्या जुन्या बोलीत ‘बीचवर असणे’ म्हणजे जहाजावर नेमणूक नसलेला, जमिनीवर बसून असलेला खलाशी. हा अर्थ पर्यटनाच्या जाहिरातींच्या अगदी उलट आहे. ससेक्समधील बीची हेड या सुमारे 162 मीटर उंच पांढऱ्या कड्याच्या नावाचा मात्र या शब्दाशी संबंध नाही. ते जुन्या फ्रेंचमधील ‘बो शेफ’, म्हणजे सुंदर भूशिर, याचे अपभ्रष्ट रूप आहे.

प्रश्न: आमच्याकडे दर पावसाळ्यात समुद्र वाळू खातो आणि दिवाळीच्या सुमारास ती परत येते. मग बीच कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे ठरवायचे कोणी? (एक वाचक, माजाळी, कारवार)

उत्तर: या पत्रातील ‘खातो’ आणि ‘परत येते’ ही दोन्ही क्रियापदे शास्त्राशी जुळणारी आहेत. पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे येणाऱ्या उंच आणि जवळजवळच्या लाटा किनाऱ्यावर आपटून परतताना वाळू ओढून नेतात. ती फार दूर जात नाही. थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचे दांडे तयार होतात. पावसाळा सरल्यावर लाटा बुटक्या आणि लांब अंतराच्या होतात, आणि त्या हळूहळू तीच वाळू पुन्हा वर आणून टाकतात. म्हणजे पाण्याखालचा दांडा आणि वरची पुळण हे एकाच साठ्याचे दोन भाग आहेत. मुळात या साठ्यात मोठी भर नद्या घालतात. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पणजीला मांडवी होऊन मिरामारजवळ समुद्राला मिळते, काळी नदी कारवारला मिळते, आणि ज्या नदीवर धरण होते तिचा गाळ व वाळू बरीचशी जलाशयातच अडते. पुळण कायमची मागे हटत असेल तर कारण शोधताना केवळ समुद्राकडे पाहून चालत नाही. नदीकडेही पाहावे लागते.

शास्त्राच्या दृष्टीने पुळण ओहोटीच्या रेषेपासून सुरू होते आणि वादळी लाटा जेथवर वाळू हलवू शकतात तेथे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, झाडोरा किंवा कडा सुरू होतो तेथे संपते. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते आणि रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे तिची खालची कड क्षणोक्षणी बदलते. कायद्याला असे चालत नाही, त्याला रेषा लागते. किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना पर्यावरण संरक्षण कायद्याखाली प्रथम 1991 मध्ये निघाली, 2011 आणि 2019 मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली, आणि तिन्हींत मोजणीचा आधार भरतीची रेषा हाच आहे. त्या रेषेपासून जमिनीकडे 500 मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली येतो. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधील भागाला अधिक कडक नियम आहेत. पुळण सरकली की ही रेषाही सरकते, आणि किनाऱ्यावरील जमिनींचे बरेच वाद तेथूनच उभे राहतात असे माझे मत आहे.

आपल्याच गावाजवळच्या तिळमातीचा उल्लेख पत्रात नाही याचे आश्चर्य वाटले. तिळासारख्या काळ्या कणांची ती पुळण आणि तिचे नाव, दोन्ही इतकी नेमकी आहेत की त्यापुढे ‘ब्लॅक सँड बीच’ अशी पाटी लावणे हा निव्वळ आळस ठरेल. वाळूचा रंग मूळ खडकावर आणि खनिजांवर अवलंबून असतो. क्वार्ट्झ सर्वांत चिवट, म्हणून बहुतेक पुळणी फिकट दिसतात; लोहयुक्त जड खनिजे किंवा काळा खडक अधिक असला की वाळू काळी होते. कोकणीत आपण ‘दर्यादेग’ म्हणता तोही शब्द मराठी लेखनात यायला हरकत नाही. कारवार शहरातील मुख्य पुळणीला मात्र रवींद्रनाथ टागोरांचे नाव आहे, कारण त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ तेथे जिल्हा न्यायाधीश असताना 1883 च्या सुमारास तरुण रवींद्रनाथ काही काळ तेथे राहिले होते. अशा ठिकाणी ‘टागोर बीच’ हे विशेषनाम आहे, ते तसेच ठेवावे.

प्रश्न: वेदगंगेच्या काठी उन्हाळ्यात वाळू उघडी पडते, तिला पुळण म्हणावे का? (एक शेतकरी, निपाणी)

उत्तर: इंग्रजीत तलावाच्या आणि नदीच्या वाळूलाही बीच म्हणतात. मराठीत पुळण समुद्राशी इतकी जोडली गेली आहे की नदीसाठी ‘वाळवंट’ हाच शब्द योग्य. पंढरपूरला जाणाऱ्या आपल्या भागातील वारकऱ्यांना चंद्रभागेचे वाळवंट सांगावे लागत नाही. राजस्थानचे वाळवंट त्यांच्या कानावर नंतर पडते.

प्रश्न: ‘ब्लू फ्लॅग बीच’ म्हणजे काय? (एक विद्यार्थी, चिकोडी)

उत्तर: डेन्मार्कमधील एका पर्यावरणशिक्षण संस्थेकडून पाण्याची स्वच्छता, सुरक्षा आणि सोयी यांसाठीचे 33 निकष पाळणाऱ्या पुळणींना मिळणारे ते मानांकन आहे. भारतातील पहिल्या आठ पुळणींना ते 2020 मध्ये मिळाले आणि त्यांत कर्नाटकातील होन्नावरजवळचे कासरकोड व उडुपीजवळचे पडुबिद्री या दोन होत्या. हे मानांकन कायमचे नसते, त्याचे नूतनीकरण करावे लागते. एरवी झेंड्याचा निळा रंग पाहून पोहायला उतरू नये. लाल झेंडा असेल तेव्हा तर पायही भिजवू नयेत.

प्रश्न: ‘बीच’ लिहायचाच झाला तर तो की ती, आणि अनेकवचन काय? (अनेक वाचक)

उत्तर: ‘तो बीच’. बहुधा ‘किनारा’ मनात धरूनच लोकांनी त्याला पुल्लिंगी केले असावे. अनेकवचनही ‘बीच’च, ‘बीचेस’ नको. सामान्यरूपात ‘बीचवर’, ‘बीचच्या’ असे लिहावे आणि ‘बी’ दीर्घ आहे हे ध्यानात ठेवावे. फर्निचरच्या दुकानात ‘बीचचे लाकूड’ म्हणतात ते मात्र युरोपातील एका वृक्षाचे नाव आहे. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग वेगळे असले तरी देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात.