गोळी चालू आहे, तरी जळजळतंच

"तिखट बंद, तेलकट बंद, ॲसिडिटीची गोळी चालू. तरी पोराची छातीतली जळजळ जात नाही. मॅडम, टेन्शनमुळे असेल का?" वयात आलेल्या मुलांचे पालक हे नेहमी विचारतात. टेन्शन असेलही, पण आहारतज्ज्ञ म्हणून मी आधी दिनक्रम बघते.

अशाच एका सोळा वर्षांच्या मुलाला आई माझ्यासमोरच विचारत होती, "शाळेत काय खाल्लंस?" त्याचं ठरलेलं उत्तर, "काही नाही." आईला ते उद्धटपणाचं वाटे. तिला बाहेर बसवून मी म्हटलं, "काय ते सोड. कधी खातोस?"

बॅगेची चेन मागेपुढे करत तो बराच वेळ गप्प राहिला.

"वर्गात आंबट ढेकर येतात, पोरं हसतात. म्हणून सकाळपासून खातच नाही. रात्री साडेदहाला एकदम जेवतो, मग पडून मोबाईल."

"आणि गोळी?"

"जेवल्यावर. लक्षात राहते."

म्हणजे "काही नाही" हे खरंच होतं! आम्हा सगळ्यांचं लक्ष ताटावर, आणि दुखणं घड्याळात.

पोट गच्च भरलं की अन्ननलिकेच्या तळाची झडप वारंवार सैल पडते. त्यात आडवं झालं की आम्ल सहज वर येतं. ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी जेवणाआधी अर्धा-एक तास घेतली तरच नीट लागू पडते. डॉक्टरांना विचारून ती सकाळी आणली आणि तिच्यामागे नाश्ता आला. दिवसात थोडं थोडं खाणं, रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी. पलंगाचे डोक्याकडचे पाय १५ ते २० सेंटिमीटर उचलले. जादा उशीने नुसती मान वर होते, पोट दुमडून दाब उलट वाढतो. झोपायचं डाव्या कुशीवर.

आईला एकच काम दिलं: चौकशी बंद. वेळ, पदार्थ, त्रास हे तोच वहीत लिहील, आणि वहीत पुन्हा पुन्हा सापडेल तेवढंच वर्ज्य. सरसकट पथ्याने मुलं चोरून खातात, नाहीतर उपाशी राहतात. भीती ओसरायला ताटावरचा पहारा उठावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करू नका. आम्ल काही काळ उसळून येतं. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ती गोळी कमी पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. घास अडकणं, वजन घटणं, रक्ताची उलटी, काळी शौच यांपैकी काहीही दिसलं तर माझ्याकडे नव्हे, थेट डॉक्टरांकडे जा.