टेक्सासच्या खेड्यात सातबारा कुठे मिळतो?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नर्सिंगच्या नोकरीवर मिरजेहून पश्चिम टेक्सासातल्या एका लहान काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, येताय, पहिले सहा महिने हॉस्पिटल भाड्याचं घर देणार आहे, आणि मिस्टरांचा डोळा आत्तापासूनच गावाबाहेरच्या दहा एकरांवर आणि त्यातल्या जुन्या घरावर आहे. तर तिथे सातबारा कोण देतं, तलाठी कुठे बसतो, आणि मिरजेत बसून यातलं काय काय बघता येईल?

मी अ‍ॅबिलीनपासून तासाभरावरच्या अशाच एका काउंटीत अकरा वर्षं राहते आहे. इथे सातबारा नाही आणि तलाठीही नाही. सातबाऱ्याच्या एका पानावर आपल्याला जे दिसतं ते इथे चार-पाच खोल्यांत विखुरलेलं असतं, आणि एका खोलीतल्या माणसाला दुसऱ्या खोलीत काय आहे ते ठाऊक नसतं. टेक्सासात २५४ काउंट्या आहेत. २०२० च्या जनगणनेत ह्यूस्टनची हॅरिस काउंटी भरली सत्तेचाळीस लाख वस्तीची, आणि लव्हिंग काउंटीत माणसं भरली ६४. कायदा दोन्हीकडे एकच. लहान काउंटीत फरक इतकाच की काउंटी क्लार्क (जमिनीचे दस्त नोंदवणारे) आणि डिस्ट्रिक्ट क्लार्क (कोर्टाचे कागद सांभाळणारे) ही दोन्ही पदं बहुधा एकाच बाईंकडे असतात आणि दुपारी बारा ते एक दाराला कुलूप.

मिरजेतून सुरुवात करायची ती अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर. सगळे त्याला ‘कॅड’ म्हणतात. ते काउंटीच्या कारभारापासून वेगळं ऑफिस आहे, मालमत्तेची करासाठी किंमत ठरवणं एवढंच त्याचं काम. पत्ता किंवा मालकाचं नाव टाकलं की एकर, बांधकामाचं साल, ठरवलेली किंमत, कर आणि नकाशा फुकट दिसतो. मात्र तो मालकीचा पुरावा नव्हे. आपल्याकडे वकील सांगतात ना, सातबारा महसुलासाठी असतो, त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, तसंच हे. जमिनीवर शेतीची सवलत लागू आहे का तेही तिथेच बघा. शेती किंवा जनावरं बंद करून वापर बदललात तर मागच्या ३ वर्षांच्या कराचा फरक तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.

मालकी बघायची ती काउंटी क्लार्ककडे, कोर्टहाउसात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सोबत गट नंबरसारखा कॅडचा नंबर घेऊन गेले आणि बाईंनी तो कागद प्रेमाने परत केला. इथली सूची जमिनीच्या नंबरावर नाही, माणसांच्या नावांवर चालते. देणाऱ्यांची एक सूची, घेणाऱ्यांची दुसरी. आजच्या मालकाचं नाव घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचं, त्यावरून त्याचं खरेदीखत काढायचं, त्यात विकणाऱ्याचं नाव मिळतं, मग ते नाव पुन्हा घेणाऱ्यांच्या सूचीत. असं एकेक पायरी मागे जायचं. अलीकडची वर्षं कॉम्प्युटरवर असतात, जुनी पुस्तकात. पुस्तकं म्हणजे दोन हातांनी उचलावी लागतात अशी, लोखंडी रुळांच्या रॅकवर आडवी ठेवलेली. तेल कंपन्यांसाठी शोध घेणारे लँडमॅन तिथे सकाळपासून बसलेले असतात. त्यांच्यातल्या एकाने मला पुस्तक ओढायची रीत शिकवली, नाहीतर बोट चेंगरलं असतं.

जुनी खतं वाचताना मिस्टरांना घरच्यासारखं वाटेल, कारण त्यांत चतुःसीमा असतात. अमुक दगडाच्या ढिगापासून मेस्किटच्या झाडापर्यंत उत्तरेला इतके वारा, तिथून पूर्वेला इतके. ‘वारा’ हे स्पॅनिश काळातलं माप, टेक्सासात ३३ आणि एक तृतीयांश इंचांचं. आपला वार ३६ इंची, तेव्हा घोटाळा करू नका.

खरेदीखतात किंमत शोधू नका. तिथे बहुतेक वेळा ‘दहा डॉलर आणि इतर योग्य मोबदला’ असंच लिहिलेलं असतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, काळ्या पैशाचा व्यवहार असणार! तसं काही नाही. खरी किंमत जाहीर करायची सक्ती या राज्यात नाही. मात्र कर्ज काढून घेतलं असेल तर त्याच दिवशी नोंदवलेल्या गहाणखतात, ज्याला इथे डीड ऑफ ट्रस्ट म्हणतात, कर्जाची रक्कम असते. त्यावरून अंदाज बांधता येतो. ते कर्ज फिटल्याची नोंद, म्हणजे रिलीज ऑफ लीन, आहे ना तेही तिथेच बघायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जमिनीखालचं. इथे वरची जमीन एकाची आणि खालचं तेल-गॅस दुसऱ्याचं असू शकतं, आणि खालच्याचा हक्क वरच्यावर भारी असतो. तो तेल काढण्यापुरती तुमची जमीन वापरू शकतो. १९४० साली कुणी विकताना ‘खनिजं राखून’ असं एक वाक्य घातलं असेल तर ते आजही लागू. टायटल कंपनीचा, म्हणजे मालकी तपासून तिचा विमा उतरवणाऱ्या कंपनीचा, विमा बहुधा खनिजांना हात लावत नाही, म्हणून तिने पाठवलेल्या कागदांतली अपवादांची यादी, शेड्यूल बी, झोप येत असली तरी पूर्ण वाचा.

हे सगळं समोर बसून बघायला पैसे पडत नाहीत. साधी कॉपी पानाला १ डॉलर, शिक्क्याची हवी तर त्यावर ५ डॉलर. क्लार्कबाई कागद काढून देतील, पण ‘याचा अर्थ काय’ ते सांगणार नाहीत. काउंटरवर तशी पाटीच असते.

आता कोर्टहाउसच्या पुस्तकांत नसलेले कागद, म्हणजे सेप्टिक टाकीचं परमिट, रस्त्यांच्या नोंदी, शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, फेऱ्या. त्यासाठी टेक्सासचा पब्लिक इन्फर्मेशन कायदा आहे. आपला माहितीचा अधिकार २००५ चा, हा १९७३ चा. विधानसभेतल्या एका शेअर-लाचखोरीच्या प्रकरणानंतर आला. कोणीही मागू शकतं, अमेरिकेचं नागरिक असावं लागत नाही, त्यामुळे मिरजेतून ईमेल चालतो. (सगळ्या राज्यांत असं नाही. व्हर्जिनियाने हा हक्क आपल्या रहिवाशांपुरता ठेवला आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं.) अर्जाला फी नाही, आणि कशासाठी हवंय हे विचारायचीही त्यांना परवानगी नाही. १० कामाच्या दिवसांत कागद द्यायचे, नाहीतर कधी देणार ते लिहून कळवायचं. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. आपल्याकडे माहिती नाकारली की अपील करत आपण फिरतो. इथे बहुतेक वेळा ऑफिसलाच राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे जाऊन ‘हे लपवू का’ म्हणून विचारावं लागतं, आणि तेही त्याच १० दिवसांत.

पण अर्ज कसा लिहायचा यात सगळं आहे, आणि ते मी ठेच खाऊन शिकले. घर घेतल्यावर पहिल्याच पावसाळी आठवड्यात मागच्या अंगणात पाणी साठून वास यायला लागला. मी काउंटीला दीड पानी ईमेल लिहिला. टाकी किती मोठी आहे, चार बेडरूमला पुरते का, तपासली कोणी, जबाबदार कोण, अगदी आपल्या तक्रारअर्जाच्या थाटात, ‘महोदय’पासून ‘कळावे’पर्यंत. उत्तर दोन ओळींचं आलं: कायद्याप्रमाणे आम्ही असलेले कागद देतो, प्रश्नांची उत्तरं देणं किंवा नवा कागद तयार करणं त्यात येत नाही. मी दोन दिवस चिडून होते. मग शेजारच्या आजोबांनी खुर्ची ओढून मला मजकूर सांगितला. तो मराठीत असा होईल:

‘पब्लिक इन्फर्मेशन कायद्याखाली पुढील कागदांच्या प्रती ईमेलने मिळाव्यात. अमुक पत्त्यावरील मालमत्तेचं सेप्टिक परमिट, त्याचा आराखडा आणि तपासणी अहवाल, १९९५ पासून आजपर्यंतचे. खर्च ४० डॉलरपेक्षा जास्त होणार असेल तर आधी कळवावं.’

सहाव्या दिवशी दोन पानं आली, फुकट. (पन्नास पानांच्या आतल्या मागणीला सहसा मजुरी लावत नाहीत, कागदावर हवं असेल तर पानाला १० सेंट.) परमिट होतं दोन बेडरूमचं. मागच्या दोन खोल्या नंतर कुणीतरी वाढवलेल्या, आणि विकताना आम्हाला सांगितलं होतं की सगळं परमिटप्रमाणे आहे. नवी यंत्रणा बसवायला चौदा हजार डॉलर गेले. त्या दोन पानांसाठी लागणारा ईमेल मी खरेदीच्या आधी पाठवू शकत होते.

म्हणून प्रश्न विचारू नका, कागद मागा. नाव घेऊन मागा, पत्ता द्या, तारखा द्या. ‘हा भाग सुरक्षित आहे का?’ असं शेरीफला विचारून काही मिळणार नाही. ‘या पत्त्यावर गेल्या २ वर्षांत पोलीस बोलावल्याच्या नोंदींची यादी’ मागा, ती मिळेल. कोर्टातले खटले मात्र या कायद्यात येत नाहीत. ते क्लार्ककडे नावावर शोधायचे.

विहिरीसाठी अर्जही नको. बोअर मारणाऱ्याला राज्याकडे अहवाल द्यावा लागतो आणि ते टेक्सास वॉटर डेव्हलपमेंट बोर्डाच्या साइटवर नकाशावर दिसतात. खोली किती, कुठल्या थरात काय लागलं, पाणी किती फुटांवर, सगळं. फार जुन्या विहिरींचे सापडत नाहीत, पण शेजारच्या चार बोअरवरून पाण्याचा अंदाज येतो. मिस्टरांसारख्या शिरोळच्या माणसाला तो मी काय सांगणार.

रस्त्याचं मात्र नीट बघा. फाटकापर्यंतचा रस्ता काउंटीचा की खासगी? काउंटीच्या रस्त्यांचा नकाशा आणि यादी कमिशनर्स कोर्टाकडे मागा. नावात कोर्ट आहे, पण काम पुष्कळसं आपल्या जिल्हा परिषदेचं. रस्ता खासगी असेल तर जाण्यायेण्याचा हक्क क्लार्ककडे नोंदवलेला हवा. ‘सगळे इथूनच जातात’ हे आपल्या पाणंदीवरूनही किती भांडणं लावतं ते ठाऊक आहेच.

आलात की एकदा स्वतः कोर्टहाउसात जाऊन या, आधी फोन करून. क्लार्क दर चार वर्षांनी निवडून येतात, त्यामुळे नवीन माणसाशी गोड बोलतात. मात्र तुम्ही कुणाची जमीन बघताय ते संध्याकाळपर्यंत गावाला कळलेलं असतं, ही तयारी ठेवा.

घर घेतलंत की तुमचं नाव, कर्जाची रक्कम आणि सह्यासुद्धा त्याच पुस्तकात जातात. महिन्याभरात सरकारी वाटणारी पत्रं येतील, ‘तुमच्या खरेदीखताची प्रत मिळवा’ म्हणून शे-सव्वाशे डॉलर मागणारी. आमच्याकडे तीन आली. तीच शिक्क्याची प्रत क्लार्ककडे दहा-बारा डॉलरला मिळते. राहत्या घराच्या करसवलतीचा अर्जही कॅडमध्ये फुकट असतो, एप्रिलअखेर द्यायचा.

मिस्टरांनी हेरलेल्या जागेचा कॅडवरचा नंबर आणि आजच्या मालकाचं आडनाव मला पाठवा. शुक्रवारी माझी सुट्टी असते आणि ती काउंटी माझ्यापासून चाळीस मैलांवर आहे. खनिजांचं वाक्य सापडतं का ते मी पुस्तकात बघून येते, सेप्टिकचा ईमेल तेवढा तुम्ही आजच टाका.