शंका असू दे, लिहीत राहा
तुझी शंका वाचली: 'मी लिहितो ते माझं, की कुठेतरी वाचलेलं?' अकरावीत हा प्रश्न पडणं चांगलं लक्षण आहे. ती शंका जाण्याची वाट बघू नकोस, ती असतानाच लिही.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- निबंधाची सवय सोड. गुणांसाठी आपण 'रम्य पहाट', 'मंद वारा' घोकलेलं असतं, हात आपोआप तिकडेच वळतो. तुझ्या उताऱ्यातली पहाट तशीच आहे. पण पुढे आजी चुलीतली राख चिमटीत घेऊन दात घासते, ते वाक्य फक्त तुझं आहे. तिथून सुरू कर; वरचा परिच्छेद सरळ काढून टाक.
- घरची बोली लाजून पुसू नकोस. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. खानदेशच्या बोलीतल्या त्यांच्या कविता घरच्यांनी उतरवून घेतल्या आणि त्या गेल्यावर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आल्या.
- लिहितानाच खोडत बसू नकोस. आधी शेवटापर्यंत जा. मग काही दिवसांनी मोठ्याने वाच. जीभ अडखळेल तिथलं वाक्य बदल.

स्वतंत्र विचार म्हणजे सगळ्यांच्या उलट बोलणं, असा नवख्यांचा हमखास गैरसमज होतो. चारचौघांचं मत तुला पटत असेल तर खुशाल पटू दे. फक्त का पटलं, ते स्वतः पाहिलेलं एक उदाहरण देऊन लिहून बघ. उदाहरण सापडलं नाही, तर ते मत अजून तुझं झालेलं नाही.

वृत्तं, कथेची घडण, स्पर्धा हे सगळं नंतर बघू. या महिन्यात एकच गोष्ट पुरी कर आणि मला वाचायला दे.