एकाच मकराची दोन अंगे

प्रश्न : जर्मन चित्रकार-शिल्पकार मॅक्स अर्न्स्ट यांच्या 'कॅप्रिकॉर्न' या शिल्पाला प्रेमाचे प्रतीक म्हटलेले मी वाचले. शिंगे असलेला राजा आणि माशाची शेपटी असलेली राणी पाहून भीतीच वाटते. यात प्रेम नेमके कुठे आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अर्न्स्ट आणि चित्रकर्ती डोरोथिया टॅनिंग यांचे लग्न १९४६ साली झाले आणि त्या दोघांनी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, सेडोनाच्या तांबड्या खडकांच्या परिसरात, आपले छोटेसे घर बांधले. त्याच घरापाशी १९४८ मध्ये अर्न्स्ट यांनी हे शिल्प साध्या सिमेंटमध्ये घडवले.

कॅप्रिकॉर्न म्हणजे मकर रास. मकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मगरीसारखा जलचर येतो. पाश्चात्त्य राशिचक्रातला, मुळात बाबिलोनियातून आलेला हा प्राणी मात्र पुढून बोकड आणि मागून मासा असतो. माझ्या मते शिल्पाचे मर्म इथेच आहे. अर्न्स्ट यांनी या एका देहाची वाटणी केली, शिंगे राजाला आणि शेपटी राणीला दिली, आणि दोघांना शेजारी बसवले, त्यामुळे दोघांपैकी कोणीही एकजण उठून गेला तर मकर म्हणून काही उरतच नाही. अतिवास्तववाद्यांचा, म्हणजे स्वप्ने आणि अबोध मन यांतून कला घडवणाऱ्या अर्न्स्टसारख्या कलावंतांचा, लाडका मिनोटॉर, म्हणजे ग्रीक पुराणकथेतला बैलाचे डोके असलेला माणूस, आठवून पाहा : त्याच्यात माणूस आणि पशू एकाच शरीरात कोंडलेले असतात, म्हणून त्याची वासना हिंस्र होते. इथे तो कोंडमारा नाही.

तुम्हाला वाटलेली भीती खोटी नाही, कारण राजाचा थाट दैवताचा आहे. पण त्याच्या हातातला राजदंड जवळून पाहा. तो दुधाच्या बाटल्या एकावर एक रचाव्यात तशा आकारांचा बनला आहे. स्वयंपाकघरातली वस्तू राजचिन्ह होते, ही मला या शिल्पातली सर्वांत हळवी जागा वाटते. अर्न्स्ट स्वतः याला कुटुंबाचे चित्र म्हणत, आणि पतिपत्नी या राजाराणीला खेटून बसल्याचे एक प्रसिद्ध छायाचित्रही आहे.

आपल्याकडे मदनाच्या ध्वजावर मकर असतो, म्हणूनच त्याला मकरध्वज म्हणतात. अर्न्स्ट यांनी ही कल्पना तिथून घेतली असे मी म्हणणार नाही, पण मराठी वाचकाला हे नाते जाणवल्याशिवाय राहत नाही.

पुढे या शिल्पाच्या ब्राँझ प्रती ओतल्या गेल्या. त्यांपैकी एक, सुमारे २.४ मीटर उंचीची, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे.