पिरंगुटच्या घरासाठी रिव्हॉल्व्हर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे सविस्तर पत्र परवा मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. शेजारच्या बंगल्यात झालेली घरफोडी, हिंजवडीच्या रात्रपाळीमुळे आठवड्यातल्या चार रात्री आई-बाबांना पिरंगुटच्या घरात एकट्याने काढाव्या लागणे, आणि त्या काळजीपोटी घरात एखादे रिव्हॉल्व्हर असावे असे तुला वाटणे, हे सारे मी समजू शकतो. शेवटी तू विचारले आहेस की नेमबाजीची हौस शाळेपासून आहे, तर घराचे रक्षण आणि हौस या दोन्हींना एकच शस्त्र चालेल का. चालणार नाही. तीस वर्षे रेंजवर शिकवताना या एका गैरसमजापायी पैसे आणि उमेद दोन्ही गमावलेली पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत, म्हणून दोन्ही गोष्टींविषयी वेगवेगळे लिहितो.

आधी घराचे पाहू, कारण तुझा जीव तिथे अडकला आहे. शस्त्राचा परवाना ज्या व्यक्तीच्या नावे असतो, तिलाच ते शस्त्र बाळगण्याचा आणि चालवण्याचा अधिकार असतो. परवाना तुझ्या नावावर निघेल. चोर येण्याची तुला भीती वाटते त्या रात्री मात्र तू हिंजवडीत असशील आणि रिव्हॉल्व्हर कपाटात असेल. त्या कपाटाची किल्ली आई-बाबांकडे देऊन जाणे कायद्याला धरून नाही आणि शहाणपणाचेही नाही, कारण त्यांनी ते कधी हाताळलेले नाही. बाबांनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा म्हटले, तर त्यांच्या हाताला कंप आहे हे तूच मागे सांगितले होतेस, आणि अर्जासोबत शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणजे ज्यांच्यासाठी शस्त्र घ्यायचे, त्यांना त्या वेळी त्याचा काहीही उपयोग नाही. हे वाचून तुला वाईट वाटेल, पण पैसे भरल्यानंतर कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

म्हणून परवान्याचा अर्ज करायचा की नाही हे ठरेपर्यंत काही कामे उरकून घे. मागच्या दाराला आतून आडवा लोखंडी अडसर बसव. बंगल्याच्या चारही कोपऱ्यांवर हालचाल होताच लागणारे दिवे लाव. एक चांगला गावठी कुत्रा पाळ. आईला त्याची सोबतही होईल. बाबांच्या फोनमध्ये ११२ हा क्रमांक एका बोटावर लागेल असा ठेव, आणि रात्री काही आवाज आला तर दोघांनी कोणत्या खोलीत जाऊन कडी लावून बसायचे हे त्यांच्याबरोबर एकदा प्रत्यक्ष करून पाहा.

एवढे करूनही, तू घरी असतेस त्या रात्रींसाठी शस्त्र हवेच असे तुझे मत कायम राहिले, तर तो निर्णय तुझा आहे आणि मी त्यात तुला मदत करीन. पिरंगुट ग्रामीण हद्दीत असल्यामुळे तुझा अर्ज जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी यांच्याकडे जाईल. कोथरूडला राहत असतीस तर तो पुणे पोलीस आयुक्तांकडे गेला असता. वयाची अट २१ वर्षांची आहे, ती तू पूर्ण करतेस. शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, पोलिसांची चौकशी होते, आणि परवाना का हवा हे तुला पटवून द्यावे लागते. शेजारची घरफोडी एवढ्या कारणावर परवाना मिळेलच असे धरून चालू नकोस. मिळाला तर तो पाच वर्षांचा असतो, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक शस्त्रे ठेवता येत नाहीत. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो, हेही ध्यानात असू दे. कोणी गावठी कट्टा स्वस्तात देऊ केला तर त्या माणसाशी बोलणेच बंद कर. त्या नळ्या हातात फुटतात, आणि विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षांची आहे.

आता शस्त्र कोणते, याविषयी. चित्रपटांत दिसणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल मनातून काढून टाक, कारण तो बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे ते माप, सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. परदेशी शस्त्रांची आयातही सामान्य परवानाधारकाला १९८० च्या दशकापासून बंद आहे, म्हणून बाजारात फिरणारी जुनी विलायती रिव्हॉल्व्हरे त्यांच्या गुणांच्या मानाने अवाच्या सवा किमतीला विकली जातात. तुझ्यासमोर खरी निवड असेल ती मुख्यतः .३२ बोअरमधल्या देशी शस्त्रांची: कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीची रिव्हॉल्व्हरे किंवा ‘अशनि’ हे पिस्तूल. त्यांत लागणारी काडतुसे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याशी नाते सांगतात. हा कारखाना १८६९ सालचा आहे, आणि काडतुसाच्या बुडावर उमटलेली ‘केएफ’ ही अक्षरे म्हणजे किर्की, अर्थात खडकी. इतक्या वर्षांनंतरही ती अक्षरे पाहिली की मला बरे वाटते.

पहिल्यांदा शस्त्र घेणाऱ्याला मी रिव्हॉल्व्हरच सुचवतो, आणि त्यामागे माझा स्वतःचा एक अनुभव आहे. पंचविशीत असताना मी एका संध्याकाळी घरी पिस्तूल साफ करायला बसलो. आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली, आतले काडतूस बाहेर पडलेले पाहिले, स्लाइड सोडली आणि मग मॅगझीन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढून बाजूला ठेवले. क्रम उलटा झाला होता. स्लाइड पुढे जाताना तिने मॅगझीनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, नेऊन बसवले होते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे पिस्तूल रिकामे होते. मी चाप दाबला. गोळी लाकडी कपाटाच्या दारातून आत शिरली, आईच्या लुगड्यांची अख्खी थप्पी भेदून मागच्या भिंतीत रुतली. कानात पाणी गेल्यासारखे झाले होते, आणि आई स्वयंपाकघरातून काय विचारते आहे ते मला ऐकूच येत नव्हते. ती त्या वेळी कपाटापाशी नव्हती, हे केवळ नशीब. त्यानंतर कित्येक महिने मी पिस्तुलाला हात लावला नाही. मॅगझीन आधी, स्लाइड नंतर, आणि त्यानंतर चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहून वर करंगळीने चाचपणे, हा क्रम माझ्याकडे शिकलेल्या प्रत्येकाने मोठ्याने म्हणून दाखवलेला आहे, आणि तुलाही म्हणावा लागेल.

रिव्हॉल्व्हरमध्ये ही भानगड नसते. सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसतात ते फिरते चक्र, उघडला की सहाही घरे एका नजरेत दिसतात. भरलेले की रिकामे याविषयी शंका राहत नाही. एखादे काडतूस उडाले नाही, तर घाबरलेल्या हातांना काही सोडवत बसावे लागत नाही. चाप पुन्हा ओढला की पुढचे घर समोर येते. रेंजवर मात्र असे करायचे नाही. तिथे काडतूस फुसके निघाले तर नळी निशाणाकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे, कारण काही काडतुसे उशिरा उडतात.

रिव्हॉल्व्हर निवडताना तुला दुकानात हमखास ‘निर्भीक’ दाखवतील. २०१४ मध्ये ते स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले गेले, वजन जेमतेम अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असे. शस्त्र वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण स्त्रीला हलके शस्त्र सोयीचे ही समजूत मला कधीच पटली नाही. काडतूस तेच असेल तर हलक्या शस्त्राचा झटका हाताला अधिक बसतो, आणि नळी आखूड असली की पुढच्या व मागच्या साइटमधले, म्हणजे नळीवरच्या नेम धरण्याच्या खुणांमधले, अंतर कमी होऊन नेमातली बारीकशी चूकही निशाणावर मोठी होते. पर्समध्ये घेऊन हिंडायचे असते तर वजनाचा विचार करावा लागला असता. तुझे शस्त्र घरातच राहणार आहे. तेव्हा सातशे ग्रॅमच्या आसपासचे, हातात पूर्ण भरणाऱ्या मुठीचे रिव्हॉल्व्हर पाहा. कानपूरच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांचा सांगाडा मधून मोडून उघडतो, तर २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चा सिलिंडर बाजूला उघडतो. मला स्वतःला ही दुसरी रचना अधिक सोयीची वाटते, पण तुझ्या हाताला काय रुचते ते तुझ्या हातालाच ठरवू दे.

ते कसे ठरवायचे तेही सांगतो. रिकामे असल्याची खात्री करून शस्त्र उजव्या हातात असे धर की नळी आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतील. आता तर्जनी चापावर ठेव. बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर आला पाहिजे. चापापर्यंत पोचण्यासाठी मूठ फिरवावी लागली तर ते शस्त्र तुझ्यासाठी मोठे आहे. बोट सांध्यापर्यंत आत गेले तर लहान आहे. मग दुकानदाराची परवानगी घेऊन, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा मागचा भाग, न चढवता चाप सलग पाच वेळा ओढून पाहा. रिव्हॉल्व्हरचा चाप असा ओढताना जड लागतो. पाचव्या वेळी पुढची साइट थरथरू लागली, तर एक तर बोटाला महिनाभर व्यायाम हवा किंवा दुसरे शस्त्र हवे. जुने शस्त्र घेणार असशील तर घोडा चढवून सिलिंडर हाताने हलवून पाहा. तो घट्ट बसलेला असावा. नळीतून उजेडाकडे पाहताना आत कुठे काळी कडी दिसली तर तिथे नळी फुगलेली असण्याची शक्यता असते. जाणकार कारागिराला दाखवल्याखेरीज जुने शस्त्र घेऊ नकोस.

शस्त्र घरी आले की ते कुलूपबंद लोखंडी पेटीत आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. मुळशीच्या बाजूचा पाऊस तुला ठाऊकच आहे. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलेले रिव्हॉल्व्हर एका श्रावणात गंजते, कारण चामडे ओल धरून ठेवते. तेलाचा हलका हात फिरवून, सुती कापडात गुंडाळून, शेजारी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि पावसाळ्यात दर आठवड्याला उघडून पाहा.

कायद्याचे एकच सांगतो, पण नीट वाच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार दिलेला आहे, आणि रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध तो बराच दूरवर जातो. परंतु संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणे हे संरक्षण होत नाही. शिवाय अंधारात दारापलीकडे उभा असलेला माणूस चोर आहे की पाणी प्यायला उठलेले बाबा आहेत, हे दिव्याचे बटण दाबून ओळखल्याशिवाय चापावर बोट जाता कामा नये. लाकडी दार गोळी अडवत नाही, हे मी आईच्या कपाटावरून शिकलो आहे.

आता तुझ्या हौसेकडे येतो, आणि इथे मात्र मी मोकळ्या मनाने लिहितो. त्यासाठी तुला .३२ बोअरची गरजच नाही. .१७७ बोअरची, २० ज्यूलपेक्षा अधिक शक्ती नसलेली एअर पिस्तुले परवान्यातून मुक्त आहेत. त्यातला छर्रा स्वस्त असल्याने एका सकाळी शंभर वेळा नेम धरता येतो. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांना परवान्यावर मर्यादा असते आणि ती महागही पडतात, त्यामुळे नुसते रिव्हॉल्व्हर घेणारी माणसे वर्षाकाठी दहा-वीस गोळ्या झाडतात आणि नेमबाज कधीच होत नाहीत. १० मीटर एअर पिस्तुलाच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते, शर्टाच्या बटणाएवढे. ३३ फुटांवरून ते बटण साधायला लागलीस की हातातली थरथर, श्वास आणि चापावरचे बोट यांचे नाते आपोआप कळू लागेल. डोळ्याने पुढची साइट स्वच्छ पाहायची आणि निशाण धूसर राहू द्यायचे, हे पहिल्या दिवशी कोणालाही पटत नाही. तुलाही पटणार नाही. घरी रोज रात्री रिकाम्या एअर पिस्तुलाच्या नळीवर रुपयाचे नाणे ठेवून, ज्या पिस्तुलाला तशी सोय आहे त्यावर, कोरडा चाप ओढायचा. नाणे पडले नाही तर बोट बरोबर चालले.

पुढे .२२ पिस्तूल चालवावेसे वाटले तर क्लबचे शस्त्र, क्लबच्याच आवारात, प्रशिक्षकाच्या नजरेखाली चालवता येते. कोल्हापूरची राही सरनोबत याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाची मानकरी ठरली, आणि त्या स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते रायफलमध्ये, पण त्याच्या घडणीची बरीच वर्षे आपल्या बालेवाडीत गेली आहेत. एवढी चांगली रेंज घरापासून तासाभराच्या आत असताना तू तिथून सुरुवात करावीस अशी माझी फार इच्छा आहे. सहा महिने सराव केलास की सुरक्षेच्या सवयी अंगवळणी पडतील, आणि रिव्हॉल्व्हरचा अर्ज करायचा की नाही याचा निर्णय तू आजच्यापेक्षा शांतपणे घेशील.

येत्या रविवारी सकाळी आठला बालेवाडीच्या क्रीडानगरीच्या मुख्य दारापाशी ये. पायात सपाट तळाचे बंद बूट असू देत, चष्मा विसरू नकोस, आणि हातातली कडी घरी काढून ठेव. एअर पिस्तूल माझे वापरू. बाबांनाही बरोबर घेऊन ये. तू सराव करशील तेवढ्या वेळात मागच्या दाराच्या अडसराचे माप आणि दिव्यांच्या जागा मी त्यांच्याशी बोलून कागदावर काढून देतो.

तुझा,
काका