भाचीसाठी धाडसाची चित्रगोष्ट लिहितोय. राक्षस मारायचा की नाही?

तुमचा प्रश्न असा: भाची सहा वर्षांची आहे, अंधाराला घाबरते आणि तिच्या वाढदिवसाला तुम्हाला परीकथेच्या वळणाचं एक चित्रपुस्तक स्वतः करून द्यायचंय. राक्षस मारला तर बहीण म्हणते हिंसा नको, आणि नाही मारला तर गोष्टीत दम उरत नाही. शिवाय मजकुरात जोडाक्षरं चालतील का, हेही विचारलंय.

मारू नका. पण तो खोटाही ठरवू नका. मी साताऱ्यात राहते, मुलांना गोष्टी वाचून दाखवते आणि जमेल तशी चित्रंही काढते. त्या अनुभवावरून सांगते, खोटा ठरवणं हे मारण्यापेक्षा वाईट.

तुम्हीही अशा गोष्टी पाहिल्या असतील. रात्र, कोपऱ्यात काहीतरी काळंकभिन्न, मूल घाबरतं, आई दिवा लावते, आणि राक्षस म्हणजे दोरीवर वाळत घातलेला शर्ट निघतो. वाचून दाखवणारा मोठा माणूस खूश होतो. समोरचं पोर मात्र विचारतं, ‘आणि लाईट गेली तर?’ बरोबरच आहे. त्याची भीती शर्टाची नव्हतीच. ‘वेडे, काही नसतं तिथे’ हे तुमच्या भाचीला घरी रोज ऐकवलं जातंच, त्यासाठी मामाने पुस्तक कशाला काढायचं?

परीकथेत एक मोठी सोय असते: नियम. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, म्हणजे अंगात राक्षसाएवढं बळ नसलं तरी चालतं, पोपट कुठे आहे ते कळलं की झालं. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’मधली म्हातारी घ्या. ‘लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, लठ्ठ होऊन येते, मग खा’ असं ती वाघाला सांगते आणि सुटते. आमच्याकडे सांगतात त्या गोष्टीत वाघ शेवटपर्यंत जिवंतच असतो, फक्त उपाशी. कुणी मेलं नाही म्हणून ती गोष्ट मिळमिळीत झाल्याचं मी तरी कधी ऐकलेलं नाही.

तर तुमच्या राक्षसाला एक नियम द्या, आणि तो असा निवडा की सहा वर्षांच्या मुलीला पाळता येईल. उदाहरण देते, आवडलं तर वापरा. साताऱ्यात सज्जनगडाच्या रस्त्यावर ब्रिटिशांच्या काळातला बोगदा आहे. आत शिरलं की मुलं हमखास ओरडतात, आवाज घुमतो म्हणून. समजा आटपाट नगराबाहेर असाच एक बोगदा आहे आणि आत राक्षस राहतो. तो पळणाऱ्याला खातो. चालणाऱ्याला त्याला खाता येत नाही. आजी तापाने फणफणलेली, औषधाचा पाला बोगद्यापलीकडे, आणि घरात मोठं दुसरं कुणी नाही. मग धाकटी निघते. पाय लटपटतात, पळावंसं वाटतं, पण ती चालते. राक्षस कानाशी येऊन फुंकर मारतो, तिच्या आईच्या आवाजात हाका मारतो, तरी ती चालते. परत येतानाही तोच बोगदा, तोच राक्षस.

यात राक्षस खरा आहे, भीती खरी आहे, आणि धाकटीने केलं ते तुमच्या भाचीला आज रात्री मोरीपर्यंत जाताना करता येईल. तलवार चालवणं तिला जमणार नाही. मध्ये मध्ये एक पालुपद ठेवा, तिला तोंडपाठ होईल असं: ‘टाक पाऊल, हळूच टाक’, किंवा तुम्हाला सुचेल ते. दुसऱ्या वाचनात ते तीच म्हणेल, तुम्हाला म्हणू देणार नाही.

हे मी इतकं लावून धरते त्याला आमच्या जिल्ह्याचंही कारण आहे. इथे शौर्य म्हणजे फौज. अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे, देशातलं पहिलं सैनिक स्कूल 1961 साली साताऱ्यात सुरू झालं, तुकाराम ओंबळे जावळीतल्या केडंब्याचे. या सगळ्याचा अभिमान आहेच. पण मुलांना ‘शूर म्हणजे काय’ विचारलं की उत्तर येतं, ‘जो मरतो तो’. सहाव्या वर्षी एवढंच कळलं तर अंधारात रडणारं पोर स्वतःला शूर कधी म्हणणार?

आता चित्रं. भीती शब्दांत लिहू नका. ‘ती खूप घाबरली’ हे वाक्य सरळ खोडा आणि तिने मुठीत चुरगळलेला परकर काढा. मजकूर म्हणतोय ‘ती ऐटीत निघाली’ आणि चित्रात गुडघे एकमेकांवर आपटतायत, हे मुलांना फार आवडतं, कारण वाचणाऱ्या मोठ्याला न दिसलेलं त्यांना दिसलेलं असतं. बोगद्याच्या पानांना काळा रंग फासू नका. गडद निळा, जांभळा, थोडा तपकिरी असं चढवत न्या, नाहीतर राक्षस काढायला जागाच उरत नाही. शिवाय दुकानातल्या कलर प्रिंटमध्ये गडद रंग आणखी गडद येतात.

राक्षस अख्खा लगेच दाखवायचा नाही. आधी एक नख, मग शेपटीचं टोक. उजव्या पानावर ‘आणि तेवढ्यात…’ म्हणून थांबायचं, जे काय आहे ते पान उलटल्यावर. चित्रपुस्तकाची अर्धी गंमत या पान उलटण्यात असते आणि घरी पुस्तक करणारे नेमके तिथेच चुकतात. सलग गोष्ट लिहितात आणि मग कापून पानांवर वाटतात. तुम्ही आधी पानं आखा, मग लिहा.

आखणी सोपी आहे. छापील चित्रपुस्तकं बऱ्याचदा 32 पानी असतात, कारण छपाईचा फॉर्म, म्हणजे एकदम छापून दुमडायचा मोठा कागद, 16 पानांचा. तुम्हाला 24 पुरे. ए-फोरचे सहा कागद मधोमध दुमडायचे, वर जाड कागदाचं कव्हर, मध्ये दोन पिना. प्रत्येक कागदाची चार पानं होतात, त्यामुळे पानसंख्या चारच्या पटीतच येणार, 22 करायला जाऊ नका. पहिलं पान नावाला, शेवटचं एकटं, मध्ये समोरासमोरच्या अकरा जोड्या. एका जोडीवर दोन-तीन वाक्यं. सगळी गोष्ट चार-पाचशे शब्दांच्या वर गेली तर कापा. चेहरा कधीही मधल्या घडीवर येऊ देऊ नका.

जोडाक्षरांचं विचारलंत. तुम्ही वाचून दाखवणार असाल तर बिनधास्त वापरा, ‘राक्षस’मध्येच एक आहे. ती स्वतः वाचणार असेल तर कमी करा आणि अक्षर ठळक, मोठं ठेवा.

रंगवण्याआधी पेन्सिलीत कच्चं पुस्तक करून दुसऱ्याच एखाद्या मुलाला वाचून दाखवा. ते कुठे चुळबुळ करतंय बघा, तिथलं वाक्य जास्तीचं आहे. ‘तुला यातून काय कळलं’ असं मात्र विचारू नका.

आणि जमलं तर एक दिवस काढून भिलारला या. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये आहे, 4 मे 2017 पासून ‘पुस्तकांचं गाव’. लोकांच्या घरांमध्ये पुस्तकं ठेवलेली असतात, कुणाच्याही ओसरीवर बसून फुकट वाचता येतात. मुलांची पुस्तकं घेऊन बसा आणि मजकूर न वाचता नुसती पानं उलटत जा, कुठल्या पानावर हात आपोआप थांबतो ते कळेल. भाचीलाही नेलंत तर तिचा हात कुठे थांबतो तेही दिसेल, पण मग वाढदिवसाचं गुपित फुटलंच म्हणून समजा.