अपिलाचा मसुदा लिहिण्याआधी डॉक्टरांची साक्ष वाच

चि. वकीलसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

रावेरच्या केळी भरणाऱ्या मजुराच्या मोटार अपघात दाव्यातील निवाड्याची नक्कल आणि तुझा अपिलाचा मसुदा वाचला. भरपाई कमी मिळाली हे तुझे म्हणणे मला मान्य आहे; मात्र मसुद्यात 'रक्कम अत्यल्प आहे' एवढेच निरनिराळ्या शब्दांत आले आहे, आणि तेवढ्यावर औरंगाबाद खंडपीठ निवाड्याला हात लावणार नाही. रक्कम नेमकी कोणत्या पायरीवर घसरली, ते दाखवावे लागते.

डॉक्टरांनी उजव्या हाताचे अपंगत्व ४० टक्के लिहिले, ते त्या अवयवापुरते. मोटार अपघात दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने संपूर्ण शरीराचे २० टक्के धरले आणि तोच आकडा कमाईच्या नुकसानीलाही लावून टाकला. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच सरधोपट पद्धत चुकीची ठरवली आहे. शरीर किती निकामी झाले आणि त्यामुळे त्या माणसाची कमावण्याची क्षमता किती गेली, हे दोन वेगळे प्रश्न असून दुसऱ्याचे उत्तर त्याच्या कामात शोधायचे असते. खांदा आखडलेल्या कारकुनाची नोकरी बहुधा टिकते; पण ज्याचा हात डोक्याच्या वर जात नाही, त्याला घड उचलून ट्रक भरायला कोणता मुकादम बोलावेल?

आता हिशोब मांड. महिना १२,००० रुपये उत्पन्न मान्य झाले आहे आणि वय ३४ असल्याने सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला गुणायचा वयानुसारचा आकडा, १६ आहे. न्यायाधिकरणाने २० टक्क्यांनी ४,६०,८०० रुपये दिले. त्याच न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाने स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या, चाळिशीच्या आतील माणसासाठी ४० टक्के भावी उत्पन्नवाढ सांगितली आहे, आणि पप्पू देव यादव प्रकरणात २०२० साली ती जखमीलाही मिळते हे स्पष्ट झाले आहे. ती येथे धरलेलीच नाही. ती धरून कमाईची हानी ६० टक्के मानली, तर आकडा १९,३५,३६० रुपयांवर जातो. तू १०० टक्के मागितले आहेस, ते कमी कर. माणूस चालतो, बोलतो, डावा हात शाबूत आहे. अवास्तव मागणी केली की न्यायमूर्ती रास्त मागणीकडेही संशयाने पाहतात.

तुझ्या मसुद्यात डॉक्टरांच्या उलटतपासणीचा उल्लेखच नाही, हे मला सर्वांत खटकले. 'हलके काम करता येईल का?' या प्रश्नाला त्यांनी 'होय' म्हटले आहे, आणि विमा कंपनीचे वकील त्या एका शब्दावरच उभे राहतील. तेव्हा उत्तर आधीच मसुद्यात हवे: चौथी शिकलेल्या, आयुष्यभर केळीच्या बागांत आणि गाडीवर राबलेल्या माणसाला रावेर-सावदा पट्ट्यात कोणते हलके काम मिळेल आणि त्याची मजुरी किती असेल? मुकादमाच्या साक्षीत याचा आधार आहे. त्यातील वाक्ये जशीच्या तशी उतरव. नवा पुरावा अपिलात देऊ, या भरवशावर राहू नकोस. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम २७ चे दार फार अरुंद आहे.

मुदतीचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे निवाड्यापासून ९० दिवस मिळतात आणि नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वजा होतो. पुरेसे कारण असल्यास विलंब माफ होतो, पण अशिलाला धुळे-जळगावच्या दवाखान्यांचे कागद शोधायला लावण्यापेक्षा वेळेत दाखल केलेले बरे. कंपनीने आधी अपील केले, तर नोटीस बजावल्यापासून एका महिन्यात प्रतिआक्षेप, म्हणजे त्याच अपिलात निवाड्याविरुद्धची आपली तक्रार, दाखल कर. त्याशिवाय रक्कम वाढवून मागता येत नाही, फक्त मिळालेली राखता येते. कंपनीने अपिलासोबत भरायची रक्कम २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी, यांपैकी कमी असेल ती असते. त्यामुळे तिने स्थगिती मागितल्यास पूर्ण रक्कम व्याजासह जमा करण्याची अट घालून घे आणि त्यातील काही भाग काढण्याचा अर्ज लगेच दे.

अशिलाला अपिलाला लागणारा काळ मोघम सांगू नकोस. खंडपीठात वर्षे जातात, हे त्याच्या बायकोसमोर बसून सांग, कारण घर तिलाच चालवायचे आहे. सुधारलेला मसुदा उलटतपासणीच्या पानांसह माझ्याकडे पाठव.